पांजरगावचं अंतर

रुळांची पहिली जोडी निघाली आणि पांजरगाव नऊ मीटरनं जवळ आलं.

हे फक्त प्रमिला गावंडेच्या लक्षात आलं, कारण पांजरगावच्या दिशेला रोज बघणारी धामणदऱ्यात ती एकटीच होती. बावीस किलोमीटरवरून तिथलं काही दिसत नसे. मात्र हवा स्वच्छ असली की पाण्याच्या टाकीचा पांढरा ठिपका दिसायचा, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्या दिवशी सकाळी साडेनऊला आठ माणसांनी सब्बली लावून पहिले दोन रूळ उचलले, बाजूला नेऊन ठेवले, आणि प्रमिलानं मान वर केली तर दाणा किंचित फुगला होता.

तिनं हजेरीपटावर नावं लिहिली.

धामणदरा ते पांजरगाव धावणारी लहान गाडी बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. रुळांमध्ये तरोटा माजला होता, स्टेशनात बकऱ्या बसत. मग सरकारी हुकूम आला की रूळ काढायचे, खडी सारखी करायची, वर मुरूम दाबायचा आणि लोकांना पायी फिरायला, सायकली चालवायला मोकळा रस्ता करायचा. काम दोन्ही टोकांकडून सुरू झालं. धामणदऱ्याच्या टोळीवर प्रमिलाला मुकादम नेमलं, कारण रोजगार हमीच्या कामांवर बारा वर्षं ती मजुरांवरची मेट होती आणि तिच्या हाताखालच्या माणसांत कधी भांडण होत नसे. पांजरगावच्या टोळीवर कोण आहे ते तिनं विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात दोन्हीकडून मिळून अडीचशे जोड्या निघाल्या. देवमन कोवे हा टोळीतला सगळ्यात जुना माणूस. हातातली सब्बल खडीत रोवून तो म्हणाला, "बाई, ते टाकी पाह्यली काय? काल हे एवढी मोठी नव्हती."

"नव्हती," प्रमिला म्हणाली.

"आता तिच्या शिड्या मोजता येऊन रायल्या."

"मोजू नको. रुळाच्या जोडावरची फिशप्लेट खोल."

शनिवारी उपअभियंता दाभाडे साहेब जीप घेऊन आले. देवमननं त्यांना टाकी दाखवली. साहेबांनी जीपच्या मीटरवर अंतर मोजलं. धामणदऱ्याहून निघाले, पांजरगावला पोचले, परत आले. पावणेवीस किलोमीटर. त्यांनी काचेवर बोट आपटलं, पुन्हा जाऊन आले. तेवढंच.

"मीटर बिघडलंय," साहेब म्हणाले. "आराखड्यात बावीस आहे. बावीस बाकं बसवायची आहेत, दर किलोमीटरला एक. बावीस दगड. तेवढे बसलेच पाहिजेत."

"जागा नाही पुरली तर, साहेब?"

"जागा कुठे जाणार आहे, बाई?"

जागा कुठे जाते ते कुणालाच सांगता आलं नाही. मधल्या शेतांचं काही वाकडं झालं नव्हतं. रुळाला आडवं चाललं तर शेत होतं तेवढंच भरायचं, त्यात तेवढीच तूर उभी असायची. रुळाच्या बाजूनं चाललं तर तेच शेत दोन पावलांत संपायचं. शेतवाल्यांनी पेरा मोजला, झाडं मोजली, विहिरीत वाकून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी नाद सोडला. रुळाकडेची कडुलिंबं मात्र एकमेकांत शिरत चालली होती. एका झाडावर बसलेला कावळा न उडता तिसऱ्या झाडावर जायचा.

रूळही रोज हलके होत होते. पहिल्या दिवशी एका रुळाला आठ माणसं लागली. विसाव्या दिवशी सहा पुरली.

गावाला या सगळ्याचं बरं वाटत होतं. पांजरगावला मोठा दवाखाना होता, ज्युनिअर कॉलेज होतं, सोमवारचा बाजार होता. पुढे पुढे एसटीचा कंडक्टर तिकीट फाडेपर्यंत गाव येऊ लागलं, म्हणून लोकांनी एसटी सोडली. शाळेचे मास्तर चालत येऊ लागले. प्रमिलाला सोडून सगळेजण एकदा तरी जाऊन आले.

प्रमिला मात्र बसेनाशी झाली. जेवायची ती उभ्यानं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन खडीवरून दहा पावलं जायची, दहा पावलं परत यायची. घरी चहा ठेवायची आणि तो उकळून आटेपर्यंत दार-खिडकी, दार-खिडकी करत राहायची. तिचं घर स्टेशनाच्या मागेच, दाराचं तोंड रुळांकडे. एका रविवारी तिनं गवंडी बोलावला.

"हे दार बुजव. मागच्या भिंतीत नवं पाड."

"मागून तर उकिरडा हाये, बाई."

"असू दे."

गवंड्यानं दार बुजवलं, मागं दुसरं पाडलं. सोमवारी सकाळी तिनं नवं दार उघडलं तर समोर पांजरगावची टाकी होती. उकिरडा खिडकीच्या बाजूला गेला होता. तिनं गवंड्याला दोष दिला नाही. कामावर गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी प्रमिला त्याच लहान गाडीनं पांजरगावला गेली होती. मांडीवर अकरा दिवसांची मुलगी होती. विहिरीचं खोदकाम ढासळून नवरा गेला त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. अंगावर दूध नव्हतं. थोरली बहीण सिंधूताई पांजरगावला दिलेली, तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. सिंधूताई फलाटावर उभी होती. बरोबर दुधाची बाटली आणि नवी दुपटी होती. गाडी पांजरगावला पंचवीस मिनिटं थांबत असे. तेवढ्या वेळात सगळं झालं.

"हे माही म्हणून वाढंल," सिंधूताई म्हणाली होती. "तिले कधी काही कळू द्यायचं नाही. तू येऊ नको, पमा. बावीस किलोमीटर हायेत मधात. तेवढे राहू दे."

प्रमिला त्याच गाडीनं परत आली. त्यानंतर ती पांजरगावला कधी गेली नाही. मुलीचं नाव समीक्षा ठेवल्याचं तिला बाजारात एका बाईकडून कळलं होतं. आईच्या दहाव्यालाही दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी गेल्या. बावीस किलोमीटर प्रमिलानं असे जपले की त्यातला एक मीटरही तिच्या पायाखाली गेला नाही.

आणि आता तीच ते उचलून बाजूला ठेवत होती.

पंचविसाव्या दिवशी साहेबांनी सांगितलं की दोन्ही मुकादमांनी रोज दुपारी बाराला फोनवर बोलून किती जोड्या निघाल्या ते एकमेकांना कळवायचं. पहिला फोन तिकडून आला.

"नमस्कार काकू, मी पांजरगाव टोळीची मुकादम बोलते. समीक्षा ठोकळ."

प्रमिला खडीवर उभी होती. ती चालायला लागली.

"काकू? ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"आमच्या आज चोवीस निघाल्या. तुमच्या?"

"एकोणीस."

"अरे वा. तुमची माणसं कमी आहेत ना? आमच्याकडे पोरं आहेत कॉलेजची, म्हणून भरभर होतं. मी पण बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई नको म्हणत होती या कामाला. मी म्हटलं, बसून काय करू?"

"आईचं ऐकावं," प्रमिला म्हणाली.

तिकडे मुलगी हसली. ते हसू प्रमिलाच्या एका कानात फोनमधून आलं आणि दुसऱ्या कानात वाऱ्यावरून, पाव सेकंद उशिरा.

रोज बाराला फोन येऊ लागला. समीक्षा आकडा सांगून थांबत नसे. पोटऱ्या दुखतात म्हणायची, परीक्षेचं सांगायची, आज डब्यात काय आहे ते सांगायची. प्रमिला 'हो' आणि 'बरं' म्हणायची. फोन ठेवला की तिला खडीवर इतकं चालावं लागे की देवमननं एकदा तिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या चपला एका दिवसात झिजून रायल्या." खरंच होतं. त्या आठवड्यात तिला तीन जोड लागले.

चाळिसाव्या दिवशी अंतर साडेपाच किलोमीटर उरलं होतं. प्रमिलानं काम बंद केलं.

"सब्बली बोथट झाल्या," तिनं टोळीला सांगितलं. "लोहाराकडं देऊ. तवर घरी बसा."

बाराला फोन आला. "काकू, तुमच्याकडचं काम कावून थांबलं?"

"सब्बली धार लावायला दिल्या."

"मग आमच्या पाठवू का? पाच जास्तीच्या आहेत."

"नको. तू पण थांब ना थोडी. परीक्षा हाये तुही."

"नाही हो काकू. आता थोडंच उरलं. मला ना, आता थांबवतच नाही. सकाळी उठलं की हात शिवशिवतात. तुम्हाला नाही होत असं?"

"होते," प्रमिला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं देवमनला आणि आणखी तिघांना घरून बोलावून घेतलं आणि काढलेल्या रुळांतली एक जोडी परत टाकायला लावली. रूळ आता चौघांना पेलत होते. त्यांनी ते नेले, खालच्या आडव्या स्लीपरांवर ठेवले, पण ते बसेनात. पुढच्या रुळाला टेकून ते अख्खे, नऊच्या नऊ मीटर, अधांतरी राहिले. देवमननं एकदा मागून, एकदा पुढून लावून पाहिलं.

"जागाच नाही, बाई. काढलं ते गेलं."

"आणखी एकदा लाव."

"लावतो. पण गेलं ते."

तिनं काम बंद ठेवलं तरी पांजरगाव थांबलं नाही. रोज पावकिलोमीटर येतच राहिलं. आधी तिथल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. मग फोडणीचा वास आला. मग एके सकाळी गच्चीवर कुरडया वाळत घालणारी बाई दिसली, आणि ती सिंधूताई होती. केस पिकले होते. कमरेवर हात ठेवून वाकायची तीच जुनी तऱ्हा होती. तिनं मान वर केली, प्रमिलाला पाहिलं, आणि हातातली कुरडई परत पातेल्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चादरी टांगलेल्या होत्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. वारा आला की त्या वर उडायच्या आणि मागं सिंधूताई उभी दिसायची.

अंतर दोनशे मीटर राहिलं त्या दिवशी सिंधूताई खाली उतरून आपल्या टोकाला आली. प्रमिला आपल्या टोकाला होतीच. आवाज चढवायची गरज पडली नाही.

"थांबव हे, पमा."

"मी केव्हाच थांबवलं. माह्याकडून एकवीस दिवसांत एक रूळ नाही हालला."

"मग जवय कसं येऊन रायलं?"

"तुह्याकडून निघून रायले."

"कोण काढते?"

"तुही पोरगी काढते, ताई."

सिंधूताईनं मागं पाहिलं. पलीकडे पोरं रूळ उचलत होती आणि समीक्षा हात वर करून 'हेऽऽ हूप' म्हणत होती. ऊन लागू नये म्हणून तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली होती. एकोणीस वर्षांत प्रमिलानं तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीकडून.

"तिले सांग ना, नको काढू म्हणून," प्रमिला म्हणाली.

"सांगतलं. कावून म्हणते. काय सांगू कावून?" सिंधूताईच्या हाताला पीठ होतं, ते ती पदराला पुसत होती आणि ते जात नव्हतं. "तू जा ना कुठं. पोरीचं शिक्षण होऊन लग्न होईस्तोवर जा. मी हात जोडतो तुले."

प्रमिलानं विचार केला आणि ती निघाली. पिशवीत दोन लुगडी घातली, मागच्या वाटेनं गावाबाहेर पडली, पांजरगावच्या उलट दिशेला. ओढा ओलांडला. शाळा मागं टाकली. तासभर भराभर चालली. समोर एक गाव लागलं, तिथं पाण्याची टाकी होती आणि तिच्या शिडीला सोळा पायऱ्या होत्या. टाकीखाली समीक्षाच्या टोळीतली पोरं डबे खात बसली होती. प्रमिला वळली आणि घरी आली. घरी यायला तिला दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा टोळी घेऊन कामावर गेली.

मागून येणारी दुसरी टोळी मुरूम दाबत होती. मग बाकं आली. साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बावीसच्या बावीस. ती उरलेल्या जागेत एकाला एक लावून ठेवावी लागली आणि शेवटी एकावर एक. किलोमीटरचे दगड दाटीवाटीनं उभे राहिले, एक ते बावीस, सगळे एका ओंजळीत मावतील असे. शहरातून एक नवराबायको हेल्मेट घालून, सायकली घेऊन रस्ता पाहायला आले. त्यांनी चार पायडल मारले आणि पोचले. वळले, चार पायडल मारले, परत आले. दुपारपर्यंत त्यांनी तेच केलं. जाताना म्हणाले की रस्ता छान झालाय, फक्त सावली थोडी कमी आहे.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी रुळांची एकच जोडी उरली होती.

दोन्ही गावं दोन्ही बाजूंना उभी होती. मध्ये नऊ मीटर. साहेब फीत आणि कात्री घेऊन आले होते. फीत आडवी बांधायची की उभी, यावर ते कारकुनाशी बोलत होते. सिंधूताई आपल्या दारात उंबऱ्याला धरून उभी होती. तिचं दार आणि प्रमिलाचं दार समोरासमोर आलं होतं.

जोडीतला पहिला रूळ देवमननं एकट्यानं खांद्यावर घालून बाजूला ठेवला. त्यानं काही झालं नाही. जोडी पूर्ण निघाल्याशिवाय अंतर जात नसे.

"शेवटचा आपण काढू, काकू," पलीकडून समीक्षा म्हणाली. "दोन मुकादम. फोनवर इतकं बोललो, आणि अजून नीट पाहिलं पण नाही एकमेकींना."

ती आपल्या टोकाला येऊन उकिडवी बसली. डोक्याची ओढणी तिनं सोडून कमरेला बांधली. प्रमिलानं तिचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या. खालचा ओठ दातांत धरून ती रूळ कसा धरावा याचा अंदाज घेत होती. धामणदऱ्याकडच्या बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. मग सगळ्या समीक्षाकडून प्रमिलाकडे आणि प्रमिलाकडून समीक्षाकडे पाहू लागल्या. पांजरगावकडच्या बायकाही तेच करू लागल्या.

"पमा," सिंधूताई दारातून म्हणाली. "नको."

समीक्षानं आईकडे पाहिलं. "तू ओळखते यांना?"

सिंधूताईनं तोंडाला पदर लावला.

"चला," साहेब म्हणाले. "पाहुणे यायचे आहेत."

प्रमिला खाली बसली. तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बसता आलं. गुडघे दुखत नव्हते, पाय कुठे जाऊ पाहत नव्हते. तिनं रुळाखाली हात घातले. लोखंड उन्हानं तापलं होतं.

"जड नाही ना जाणार, काकू?"

"नाही. तू पाठ सरळ ठेव. गुडघ्यावर जोर घे."

"हो. मी तीन म्हटल्यावर."

समीक्षानं तीन म्हटलं. रूळ उठला. वाळक्या लाकडाएवढाही भार नव्हता त्याला. खाली स्लीपरांवर त्याची जुनी तांबूस रेघ उघडी पडली. दोघी एकाच वेळी डावीकडे एक पाऊल सरकल्या. मग दुसरं. रेघ मागं राहिली. कडुलिंबांच्या शेवटच्या दोन फांद्या एकमेकींना घासल्या आणि गप्प झाल्या. साहेबांनी बोलता बोलता मान वर केली. प्रमिलानं मान वर केली नाही, ती हातांकडे बघत होती.

रूळ नऊ मीटरचाच होता. एका टोकाला प्रमिलाचे हात होते, दुसऱ्या टोकाला समीक्षाचे, आणि चारही हात एकमेकांना लागून एका ओळीत होते. समीक्षाचा श्वास प्रमिलाच्या कपाळावर येत होता.

"आता कुठे ठेवायचा?" समीक्षा म्हणाली.

ठेवायला कुठे जागा नव्हती. दोघी रूळ धरून उभ्या राहिल्या.